स्वतंत्र आहोत म्हणायचं आणि नेवरी मात्र विचारून खायची, हे कसं काय?

चिखलीची_सून

जय ख्रिस्त आणि नमस्कार सगळ्यांना. पहिल्यांदाच एवढं लांब लिहितेय, सांभाळून घ्या.

आम्ही मूळचे कोल्हापूरकडचे, मिस्टरांच्या नोकरीमुळे बारा वर्षं इकडे वास्कोजवळ. इथे आमची छोटीशी मराठी मंडळी आहे, पंचवीस-तीस माणसं, रविवारी उपासना आणि शनिवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थना. परवाच्या शनिवारी आमच्याकडे होती. चवथीचे म्हणजे गणपतीचे दिवस, शेजारच्या वहिनी नेहमीप्रमाणे स्टीलचा डबा घेऊन आल्या, वर क्रोशाचा रुमाल, आत नेवऱ्या (आपल्याकडच्या करंज्या), दोन मोदक आणि पंचखाद्य. दर वर्षी येतो हा डबा, आणि नाताळला आमच्याकडून कुलकुल आणि दोदोल जातो त्यांच्याकडे. मी तिथेच उघडला, एक नेवरी तोंडात टाकली आणि डबा सगळ्यांसमोर फिरवला. कुणी घेतली, कुणी नको म्हणालं. एक काका म्हणाले, हा नैवेद्याचा ना, मग मी हसत हसत म्हटलं, काका, ख्रिस्ताने आपल्याला स्वतंत्र केलंय, घ्या बिनधास्त.

आमच्यात एक मुलगी आहे, डिचोलीकडची, दीड वर्षापूर्वी विश्वासात आली, घरचे सगळे हिंदू. ती उठली आणि आत स्वयंपाकघरात गेली ती बाहेर आलीच नाही. प्रार्थना संपल्यावर कुणाशी न बोलता निघून गेली.

मग आमच्यातल्या थोरल्या काकूंनी मला बाजूला घेतलं. बायबलमधलं गलतीकरांस पत्र, पाचवा अध्याय. म्हणाल्या तुला पहिलं वचन पाठ आहे, ख्रिस्ताने स्वतंत्र केलं ते, आता तेरावंही पाठ कर. स्वतंत्रतेसाठी बोलावलंय खरं, पण ती देहासाठी वापरू नका, प्रीतीने एकमेकांची सेवा करा. तुझ्यामुळे ती ठेचकाळली.

मला राग आला, खोटं कशाला बोलू. कारण हेच वचन मला दर महिन्याला ऐकवलं जातं, प्रीतिभोजनानंतर, म्हणजे मंडळीच्या एकत्र जेवणानंतर, भांडी घासताना. पुरुष खुर्च्या रचतात आणि गप्पा मारत उभे राहतात, आणि आम्ही तिघी बायका त्या मोठ्या पातेल्यांपुढे, "प्रीतीने सेवा" म्हणून. म्हणजे स्वातंत्र्य पहिल्या वचनात मिळतं आणि तेराव्यात परत काढून घेतात असं आहे का हे? ज्याला वाईट वाटेल त्याच्याप्रमाणेच वागायचं असेल तर मग सुटका कसली झाली? मला खरंच समजून घ्यायचंय. कुणाला टोमणा मारायला लिहिलेलं नाही. (थोडासा आहे.)

---

सरळ_वाट

ताई, यात समजून घेण्यासारखं काही नाही. करिंथकरांस पहिलं पत्र, दहावा अध्याय, प्रभूच्या मेजावरचं आणि दुसऱ्या मेजावरचं, दोन्ही खाता येत नाही. आणि गलतीकरांच्या त्याच पाचव्या अध्यायात पुढे देहाच्या कर्मांची यादी आहे त्यात मूर्तिपूजा स्पष्ट लिहिलीय. शेजारधर्म वेगळा, विश्वास वेगळा. डबा नम्रपणे परत करायचा होता. तुम्ही खाल्लंत ते खाल्लंत, वर बाकीच्यांना फिरवलंत.

---

जुना_मास्तर

थोडं लांबेल, मास्तरची खोड.

आधी भांडण कशावरून होतं ते बघू. गलतिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानचा मधला भाग, अंकारा ज्या बाजूला येतं तो. तिथल्या मंडळ्या हे पत्र लिहिणाऱ्या पौलाने उभ्या केल्या, बहुतेक लोक यहूदी नसलेले. तो पुढे गेल्यावर मागून काही जण आले आणि सांगू लागले की नुसता ख्रिस्त पुरत नाही, सुंता करून घ्या, नियमशास्त्र पाळा, मग तुम्ही पक्के. पौल इतका चिडला की बाकीच्या पत्रांत सुरुवातीला देवाचे आभार मानतो तेही इथे मानले नाहीत, थेट "आश्चर्य वाटतं" म्हणून सुरू. आणि दुसऱ्या अध्यायात अंत्युखियाचा किस्सा आहे तो तर जेवणाच्या पंगतीचाच. येशूचा शिष्य पेत्र परराष्ट्रीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर बसून जेवत होता, यरुशलेमहून माणसं आली तसा हळूच उठून बाजूला झाला, भ्यायला. पौलाने त्याला सगळ्यांसमोर तोंडावर सुनावलं. तेव्हा ताई, "काय खायचं आणि कोणाबरोबर" हा प्रश्न तुमच्या हॉलमध्ये आलाय तो दोन हजार वर्षांचा आहे.

आता तेरावं वचन. काकू म्हणाल्या सेवा. मूळ ग्रीकमध्ये शब्द सेवेपेक्षा कडक आहे, दास व्हा असा. दुलोस म्हणजे गुलाम, त्यावरून आलेलं क्रियापद. आणि गंमत ही की त्याच अध्यायाच्या पहिल्या वचनात "दास्याच्या जोखडात पुन्हा अडकू नका" म्हणताना जो शब्द आहे तो त्याच धातूचा. म्हणजे पौल एका श्वासात सांगतो दास होऊ नका, बारा वचनांनंतर सांगतो एकमेकांचे दास व्हा. तो विसरला नव्हता, मुद्दाम केलंय. पहिलं जोखड दुसऱ्याने मानेवर ठेवलेलं. दुसरं आपण होऊन घेतलेलं, आणि तेही "एकमेकांचे". हा एकमेकांचे शब्द फार महत्त्वाचा आहे. तुमच्या भांड्यांच्या बाबतीत तो कुठे गेला? तीनच बायका दास आणि बाकीचे खुर्च्यांजवळ, याला पौल वेगळं काहीतरी म्हणाला असता.

मार्टिन लूथरने १५२० मध्ये एक छोटं पुस्तक लिहिलं ख्रिस्ती माणसाच्या स्वातंत्र्यावर, त्याच्या सुरुवातीलाच ही जोडी आहे: ख्रिस्ती माणूस सगळ्यांचा धनी, कुणाच्या ताब्यात नाही, आणि ख्रिस्ती माणूस सगळ्यांचा चाकर, प्रत्येकाच्या ताब्यात. दोन्ही खरं. मी तरुणपणी वाचलं तेव्हा वाटलं शब्दांचा खेळ आहे. लग्न झाल्यावर जरा जरा कळायला लागलं.

@सरळ_वाट, यादी वाचलीत तर पूर्ण वाचा. देहाची कर्मं पंधरा दिलीत, त्यात मूर्तिपूजा एक. वैर, कलह, मत्सर, राग, तट, फुटी, पक्षभेद, हेवा ही मोजा. आठ होतात. पंधरातली आठ भांडणाची. आणि त्याच्या जरा वर पंधराव्या वचनात, एकमेकांना चावाल आणि खाल तर संपून जाल. नेवरीपेक्षा माणूस खाल्ला जाण्याची काळजी त्याला जास्त होती असं दिसतं.

आणि दहावा अध्याय काढलाच आहे तर २७ वं वचनही तिथेच आहे. कुणी जेवायला बोलावलं तर पुढे वाढलेलं खा, चौकशी करत बसू नका. पण कुणी सांगितलं की हे नैवेद्याचं आहे, तर सांगणाऱ्यासाठी, त्याच्या मनासाठी, खाऊ नका. आमच्या मराठी शास्त्रात शब्दच "नैवेद्य" आहे तिथे, भाषांतरकारांना दुसरा शब्द शोधावा लागला नाही. ताई, तुमच्या काकांनी विचारलं तिथे तुमचं स्वातंत्र्य संपलं नव्हतं, पण थांबायची जागा आली होती.

---

फोंड्याची_माटोळी

मी हिंदू, फोंड्याकडची. डबा देणाऱ्यांच्या बाजूने कुणीतरी बोलायला पाहिजे ना, म्हणून.

आमच्या वाड्यावर ख्रिस्ती घरं दोनच, पण नाताळचं ताट येतं आणि चवथीचं जातं, आणि ताट कधी रिकामं परत जात नाही, काही नसलं तर निदान साखर घालून देतो. देताना मी धर्म देत नसते हो. सकाळी चारला उठून सोवळ्यात खोबरं-गूळ शिजवून, पाठीला रग लागेपर्यंत शंभर-दीडशे नेवऱ्या तळलेल्या असतात, त्यातल्या चांगल्या फुगलेल्या शेजाऱ्यांच्या डब्यात आणि फुटलेल्या आम्ही खातो.

कुणी चालत नाही म्हणाली तर मला राग येणार नाही. खोटं कारण सांगितलं, शुगर आहे, पोट बिघडलंय, आणि मग दुसऱ्या दिवशी मिठाईच्या दुकानात दिसली, तर येईल. सरळ सांगावं. आमच्याकडे एका बाईने सांगितलं होतं, ती तुमच्यासारखीच, मंडळीत जाणारी. तेव्हापासून तिच्या दहा-बारा नेवऱ्या मी नैवेद्य दाखवायच्या आधीच वेगळ्या काढते. पीठ तेच, हात तोच. सासूबाई आधी कुरकुरल्या, देवाच्या आधी माणसाला काढतात का म्हणून, मग एक वर्षी मी विसरले तर त्यांनीच आठवण केली.

एक सांगते, वाईट वाटून घेऊ नका कुणी. ख्रिस्ती स्वातंत्र्य हा शब्द फोंड्यात जरा वेगळा ऐकू येतो. आमचा देव मंगेश १५६० मध्ये कुठ्ठाळीहून नदी ओलांडून इकडे आला, का आला ते सगळ्यांना माहितीय. इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीजांचं धर्मन्यायालय, त्याच साली सुरू झालं. आणि १७३६ चा जो हुकूम होता त्यात भात आमच्यासारखा मिठाशिवाय शिजवायचा नाही, दारात तुळस लावायची नाही, असली कलमं होती. धर्मांतर झालेल्या घरात भातात मीठ आहे की नाही ते बघायचे! तुमचा पौल खाण्यापिण्याच्या नियमांतून माणसं सोडवत होता म्हणता, मग इथे त्याच्याच नावाने पातेल्याची झाकणं कशी उघडली गेली? मास्तरांना विचारतेय, भांडायला नाही.

---

जुना_मास्तर

बाई, उत्तर नाही माझ्याकडे. म्हणजे इतिहासाचं उत्तर आहे, सत्ता आली की काय होतं त्याचं, पण तुम्ही विचारता त्याचं नाही. माणसं जेलमध्ये टाकणाऱ्यांच्या हातात हे पत्र पडलं की त्यातलं पाचवं प्रकरण गळतं, एवढंच म्हणतो. इन्क्विझिशन १८१२ ला बंद झालं ते कायमचं, पण झाकण उघडून बघायची खोड सगळ्याच धर्मात थोडी थोडी शिल्लक आहे, आमच्यातही.

---

पोदेर

नाव पोदेर आहे पण मी पाव करत नाही, आजोबा करायचे. सासष्टीचा कॅथलिक, शाळा मराठी, बायको पेडण्याची हिंदू. माझं मराठी चुकलं तर मास्तरांनी पट्टी मारू नये.

आमच्या घरी कुठला देव खरा यावर कधी भांडण झालेलं नाही, भांडण होतं ते कढईवरून. नेवऱ्यांची कढई आणि चोरीसची (डुकराच्या मांसाच्या सॉसेजची) कढई एकच चालेल का, तर नाही. आता दोन कढया आहेत, एका कढईच्या कानाला लाल दोरा बांधलाय. चवथीचे पाच दिवस आमच्या घरात मासळी-मांस शिजत नाही. बायको कधी म्हणाली नाही, सासू तर मला गुपचूप सुंगटं (कोळंबी) आणून द्यायला तयार होती. पण मला वाटतं नको. पहिल्या वर्षी मी तिसऱ्या दिवशी मडगावला जाऊन बीफ चिली खाऊन आलो होतो, आणि घरी येऊन तोंड धुवून गप्प बसलो. कायदा मोडला नव्हता, पापही नव्हतं, तरी मान वर होत नव्हती. दुसऱ्या वर्षापासून गेलो नाही. आता कुणी विचारलं तू स्वतंत्र आहेस का तर म्हणेन, आहे की, म्हणून तर गेलो नाही. पहिल्या वर्षी चोरून गेलो तेव्हा जास्त गुलाम होतो.

मास्तर दासाबद्दल बोलले म्हणून आठवलं. आमचे संत जुझे वाझ, बाणावलीला जन्म १६५१, त्यांनी १६७७ मध्ये सांकवाळच्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, स्वतःच्या हाताने दासपत्र लिहून दिलं, मी आजपासून साय्बिणीचा, मारियामातेचा गुलाम. बघा, माणूस ब्राह्मण घरातला, शिकलेला पाद्री, कुणी विकलेला नाही, कुणी विकत घेतलेला नाही, आणि स्वतःच खत लिहून देतो. मग १० वर्षांनी सिलोनला जातो, तिथे डचांनी कॅथलिक पाद्रींना बंदी घातलेली. आणि १६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली तेव्हा लोक आपली माणसं टाकून पळत होते, हा आणि ह्याचा भाचा ती रोगी माणसं उचलून आणून धूत-पुसत होते, बौद्ध कोण ख्रिस्ती कोण न बघता. १४ जानेवारी २०१५ ला पोप फ्रान्सिसनी कोलंबोत संत केलं, आमच्या वाड्यावर त्या दिवशी फटाके लावले होते. मला नेहमी वाटतं, कँडीतलं ते पू पुसणं सांकवाळच्या त्या कागदात आधीच लिहिलेलं होतं.

पण हां, पेपर त्याने स्वतः लिहिला. त्याच्यासाठी काकूने लिहिलेला नव्हता.

---

रात्रपाळी

मी नर्स आहे, हे सगळं पहाटे साडेतीनला वाचतेय, वॉर्ड शांत आहे. भांड्यांच्या भागावर बोलायचंय, नेवरीचं तुमचं तुम्ही बघा.

मी पण आमच्या मंडळीत आठ वर्षं सगळ्याला हो म्हणत होते. रात्रपाळी करून रविवारी सकाळी थेट हॉलवर, झाडू, फुलं, लहान मुलांचा वर्ग. सगळे म्हणायचे सेविका असावी तर अशी. एका रविवारी वर्ग घेताना मी एका पोराला जोरात ओरडले, सहा वर्षांचं पोरगं, खडू सांडला म्हणून. ते रडलंही नाही, नुसतं माझ्याकडे बघत राहिलं. घरी येऊन विचार केला, मी हे प्रेमाने करते का? नाही. लोक काय म्हणतील म्हणून करते. ते वचनातलं दुसरं जोखड नव्हतं, पहिलंच होतं, फक्त त्याला पांढरी साडी नेसवली होती. पाळकांना सांगितलं रात्रपाळी असेल त्या रविवारी मी फक्त येऊन बसणार. दोन जणी महिनाभर बोलल्या नाहीत. मेले नाही मी.

त्याच पत्राच्या सहाव्या अध्यायात एकमेकांची ओझी वाहा असं आहे दुसऱ्या वचनात, आणि पाचव्या वचनात लगेच प्रत्येकाने आपला भार स्वतः वाहावा. मला वाटायचं हे काय उलटसुलट. एका अभ्यासवर्गात कळलं की मूळ भाषेत दोन शब्द वेगळे आहेत, पहिलं म्हणजे एकट्याला न पेलणारं वजन, दुसरं म्हणजे प्रवाशाच्या पाठीवरची आपली आपली गाठोडी. आमच्या वॉर्डात हे रोज दिसतं. एक म्हातारे होते, सासष्टीचे, मुलं दोन्ही इंग्लंडला, उजवा हात लकव्याने गेलेला. मी पेज भरवायला गेले की डाव्या हाताने चमचा धरून ठेवायचे, "हांव जेवतां". अर्धी पेज चादरीवर. मी भरवलं तर पाच मिनिटं, त्यांना जेवू दिलं तर पंचवीस, शिवाय चादर बदलायची. पहिले चार दिवस मी चमचा काढून घेत होते आणि त्याला सेवा समजत होते. पाचव्या दिवशी वेळ होता म्हणून स्टूल ओढून बसले नुसती, वाटी धरून. पंचवीस मिनिटं. जेवण झाल्यावर त्यांनी डाव्या हाताने रुमाल घेऊन स्वतःची हनुवटी पुसली आणि माझ्याकडे असं बघितलं की जिल्हा जिंकलाय. चमचा त्यांची गाठोडी होती. चादर माझी.

तर ताई, पातेली कुणाची गाठोडी आहेत ते मंडळीत एकदा मोठ्याने विचारा. आणि त्या मुलीला भेटलात का? सगळे तिच्याबद्दल बोलताहेत, काकू पण, तुम्ही पण. तिला कुणी विचारलंय का ती का उठली?

---

सरळ_वाट

माझं मत तेच आहे. पण शेवटच्या प्रश्नावर मीही हेच म्हणेन, तिला भेटा. अशा ठेचकाळणाऱ्याला आम्ही विश्वासात दुर्बळ दुर्बळ म्हणतो, दुर्बळ कोण ते लांबून ठरत नाही.

---

चिखलीची_सून

उशीर झाला उत्तराला. सगळ्यांचे आभार, पोदेरबाबचेही, लाल दोऱ्याची आयडिया मी चोरतेय.

रात्रपाळीताई, तुमचं वाचून दुसऱ्या दिवशीच गेले तिच्याकडे. ती एका खोलीत दोन मैत्रिणींबरोबर राहते, वेर्णाला एका कंपनीत आहे. मी मनात सगळं तयार करून गेले होते, माफी कशी मागायची, विश्वासात दुर्बळ असलेल्याला जवळ करा सांगणारा रोमकरांस चौदावा अध्याय वगैरे. तिने कॉफी केली आणि मला बोलूच दिलं नाही.

म्हणाली ताई, तुम्ही खाल्लंत त्याचं मला काहीच वाटलं नाही. गेल्या वर्षी चवथीला मी घरी गेले होते, विश्वासात येऊन चार-पाच महिने झाले होते. आपल्यातल्याच वडीलधाऱ्यांनी सांगितलं होतं की नैवेद्याचं तोंडात घालायचं नाही, ठाम राहायचं. आईने पान वाढलं, खतखतं, मुगागाठी, नेवऱ्या. मी म्हटलं मी खाणार नाही. आई काही बोलली नाही, पान उचललं आणि मागच्या दारी जाऊन गाईपुढे ठेवलं. मी तिकडे बघितलं नाही. तेव्हापासून आई फोनवर फक्त तब्येत विचारते. आणि परवा तुम्ही नेवरी खाल्लीत आणि हसत म्हणालात स्वतंत्र आहोत, बिनधास्त. मग मी तेव्हा आईचं मन कशासाठी मोडलं? ते चूक होतं का बरोबर होतं, कुणीतरी एकच काय ते सांगा ना.

मी कॉफीच्या कपाकडे बघत बसले. काय सांगणार. तिला दुर्बळ म्हणत होतो आम्ही सगळे. आमच्यात कुणीच एवढी किंमत मोजलेली नाही, माझ्यासकट, मी तर जन्मापासूनची ख्रिस्ती, मला नेवरी म्हणजे नेवरी. माझं स्वातंत्र्य फुकट मिळालेलं होतं आणि मी ते तिच्यासमोर डब्यात घालून फिरवलं.

"माहीत नाही" म्हटलं मी. खरंच तेवढंच म्हटलं. मग विचारलं रविवारी डिचोलीला जायचं का, मी येते बरोबर.

---

फोंड्याची_माटोळी

गेलात का? आई काय म्हणाली? सांगा हो, मी रोज येऊन बघतेय इथे.

---

चिखलीची_सून

गेलो. रविवारी उपासना झाली की प्रीतिभोजन होतं, आणि मी शुक्रवारीच ग्रुपवर लिहिलं की मी आणि ती जेवणाला नसणार, पातेल्यांचं बघा. चाळीस मिनिटं कुणाचंच उत्तर नाही. निळ्या टिका सगळ्यांच्या आलेल्या. मग काकूंनी लिहिलं, "मग भांडी?" प्रश्नचिन्हासकट. आणखी दहा मिनिटांनी पाळकांनी लिहिलं, मी धुतो. त्यावर तीन काकांचे हात जोडलेले.

बसने गेलो, वास्को-पणजी, पणजी-डिचोली. पोरगी पूर्ण रस्ता खिडकीबाहेर बघत. आई अंगणातच होती, सुपारी वाळत घातलेली. मला वाटलं रडारड होईल, काही नाही, मला म्हणाल्या बसा आणि लेकीला म्हणाल्या बारीक झालीस. चहा झाला. मी उगाच पावसाबद्दल बोलत होते. मग त्या आत गेल्या आणि एक जुना बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या, लेकीपुढे ठेवला, आणि दुसरीकडे बघत म्हणाल्या, देवाला दाखवायच्या आधी काढल्यात.

माटोळीताई, मी त्यांना काहीही सांगितलेलं नव्हतं, शपथेवर सांगते. तुमचं इथलं वाचून मला वाटलं होतं सुचवावं, पण तोंड उघडायच्या आधीच डबा समोर. पंधरा दिवस त्या डब्यात ठेवून होत्या. म्हणजे गेल्या वर्षभरात त्यांनी विचार करून करून स्वतःच काढलेली वाट ती.

तिने तिथे एकच खाल्ली, सावकाश. बाकीचा डबा बॅगेत. परतीच्या बसमध्ये मला म्हणाली, ताई, गेल्या वर्षीचं उत्तर अजून मिळालं नाही हां. म्हटलं मलाही नाही.

---

फोंड्याची_माटोळी

मी आता डोळे पुसून पीठ मळायला जाते. तो डबा रिकामा परत पाठवू नका तिला सांगा.

---

पोदेर

आणि पाद्रीबाबनी भांडी धुतली का ते राहिलं?

---

चिखलीची_सून

धुतली. पुलावाच्या टोपाचा तळ काळाच आहे, काकूंनी कुणाला हात लावू दिला नाही, म्हणाल्या पुढच्या वेळीही त्यांनाच धुवू दे, शिकतील.